पायाखालचा ‘वा’

मैफलीत ‘वा!’ म्हणायचे काम श्रोत्यांचे. गाणाऱ्याने किंवा वाजवणाऱ्याने ते स्वतःच म्हणायला सुरुवात केली तर लोक त्याला हसतील. परंतु एक वाद्य असे आहे, की ते वाजता वाजता स्वतःच ‘वा वा’ म्हणत असते आणि श्रोते त्यावर खूश असतात. खरे म्हणजे ते श्रेय वाद्याचे नाही, वाजवणाऱ्याच्या पायाखाली ठेवलेल्या एका धातूच्या पेटीचे आहे. इलेक्ट्रिक गिटारला जोडायच्या या पेटीला ‘वा पेडल’ म्हणतात आणि ते निवडावे कसे, हा आजचा विषय.

संपादकांनी हा विषय मलाच का दिला, हे गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाला हजर असलेल्यांना सांगायला नको. त्या संध्याकाळी या पेडलपायी माझी जी फजिती झाली ती सगळ्या सभागृहाने पाहिली. तेव्हापासून आपल्या महाविद्यालयात जो कोणी गिटार घेतो तो मला गाठतो. मात्र ‘कोणते पेडल घ्यावे?’ असे मला कोणी विचारत नाही. ‘तू घेतले होतेस ते कोणते?’ एवढेच विचारतात. या लेखात मी दोन्ही प्रश्नांची उत्तरे देणार आहे, पण जरा वळसा घेऊन. कारण हे पेडल मुळात करते काय, हे ठाऊक नसताना ते विकत घ्यायला जाणे म्हणजे डोळे बांधून आंबे निवडण्यासारखे आहे. मी तसेच केले होते.

संगीताच्या पाठ्यपुस्तकात नादाचे तीन गुण सांगितलेले असतात. लहानमोठेपणा, उंचनीचपणा आणि जात. आवाज वाढवला की पहिला गुण बदलतो. तार वेगळ्या पडद्यावर दाबली की दुसरा. तिसरा गुण म्हणजे जात. तिच्यामुळे सनईचा षड्ज आणि सतारीचा षड्ज आपण डोळे मिटूनही वेगळे ओळखतो. प्रत्येक नादाबरोबर काही वरचे स्वयंभू स्वर आपोआप निघत असतात आणि त्यांपैकी कोणते ठळक, कोणते पुसट, यावर ही जात ठरते. वाद्याची जात सहसा वाद्य बनवणारा कारागीर ठरवून ठेवतो. वाजवणाऱ्याच्या हाती ती थोडीच उरते. वा पेडल हीच गोष्ट वाजवणाऱ्याच्या पायाखाली आणून ठेवते. स्वर तोच, पण त्याची जात टाचेकडून पंजाकडे वजन नेताना क्षणाक्षणाला बदलत जाते.

हे समजायला गिटार लागत नाही. एकच सूर धरून तोंडाने ‘ऊ’ म्हणा आणि सूर न सोडता हळूहळू ‘आ’वर या. गळ्यातून निघणारा नाद बदलला नाही. बदलली ती तोंडाची पोकळी. ओठ पुढे काढून तोंड मिटत आणले की खालचे स्वयंभू स्वर ठळक होतात, उघडले की वरचे. आता हेच झटकन म्हणा. ऊ-आ. वा! आपल्यापैकी ज्यांनी संस्कृत घेतले आहे त्यांना यणसंधी आठवेल. सु अधिक आगत म्हणजे स्वागत. उकारापुढे आकार आला की तिथे ‘वा’ उभा राहतो, हे आपल्या वैयाकरणांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. विजेच्या मंडलातून तोच संधी करून दाखवायला मात्र १९६६ साल उजाडावे लागले.

अर्थात वाद्यातून ‘वा’ काढण्याची युक्ती त्याआधीही लोक करीत होते. मोरचंग वाजवणाऱ्याकडे पाहा. त्याची लोखंडी जीभ एकाच सुरात थरथरत असते आणि सगळे वैचित्र्य तो तोंडाच्या पोकळीने निर्माण करतो. माउथऑर्गनवाला ओंजळीची उघडझाप करतो. अमेरिकेतले ट्रम्पेटवाले वाद्याच्या तोंडाशी झाकण धरून ते मागेपुढे करीत. क्लाइड मॅकॉय नावाच्या वादकाची १९३१ सालची ‘शुगर ब्ल्यूज’ ही ध्वनिमुद्रिका अशाच रडव्या ट्रम्पेटमुळे गाजली. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

साठच्या दशकात कॅलिफोर्नियात थॉमस ऑर्गन नावाची कंपनी होती. ब्रिटनच्या व्हॉक्स या नावाने ती अमेरिकेत ध्वनिवर्धक तयार करून विकत असे. त्या ध्वनिवर्धकावर मधल्या पट्टीतले स्वर उठावदार करणारे तीन टप्प्यांचे एक बटण होते आणि ते महाग पडत होते. १९६६ साली ब्रॅड प्लंकेट या तरुण इंजिनियरकडे काम आले ते काटकसरीचे: या महाग बटणाच्या जागी रेडिओच्या आवाजाला असतो तसा स्वस्तातला फिरता पॉट बसवायचा. त्याने तो बसवला. वाद्य चालू असताना पॉट फिरवला तेव्हा तीन टप्प्यांमधले, आजवर कोणी न ऐकलेले सगळे आवाज सलग ऐकू आले. वाद्य बोलू लागले. आता गिटारवाल्याचे दोन्ही हात गुंतलेले. पॉट फिरवणार कोण? तेव्हा व्हॉक्सच्याच ऑर्गनचा, आवाज कमीजास्त करायचा पायाचा खटका त्यांनी घेतला आणि त्याच्या पोटात हे मंडल बसवले. डेल कॅशर या वादकाने त्यावर गिटार वाजवून दाखवली आणि हे गिटारसाठीच आहे असे तो सांगत राहिला. कंपनीच्या प्रमुखाला मात्र जुन्या बँडसंगीताचा नाद. त्याला वाटले, हे फुंकून वाजवायच्या वाद्यांसाठी आहे. म्हणून १९६७ साली पेडल बाजारात आले तेव्हा त्यावर नाव होते ट्रम्पेटवाल्या क्लाइड मॅकॉयचे! पुढे ‘क्राय बेबी’, म्हणजे आपल्या भाषेत ‘रडूबाई’, हे नाव आले आणि तेच टिकले. पेटंट मिळाले ते १९७० साली.

ट्रम्पेटवाले फारसे फिरकले नाहीत (माइल्स डेव्हिससारखा एखादा अपवाद). गिटारवाल्यांनी मात्र पेडल डोक्यावर घेतले. १९६७ सालीच ‘क्रीम’ या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रिकेत एरिक क्लॅप्टनने ते वापरले. १९६८ साली जिमी हेन्ड्रिक्सने ‘व्हूडू चाइल्ड’च्या आरंभी तारा दाबून नुसत्या खरवडल्या आणि ‘वाका-वाका’ असे शब्द काढले. १९७१ सालच्या ‘शाफ्ट’ चित्रपटाच्या शीर्षकसंगीतात चार्ल्स पिट्सच्या गिटारने तो खरवडण्याचा प्रकार घराघरांत नेला. आपल्याकडे सत्तरच्या दशकातल्या हिंदी चित्रपटांत खलनायकाच्या मागे मोटार लागली, की पाठीमागे जी गिटार ‘चका-वका’ करीत असते ती हीच. मीही तिच्याच मोहात पडलो.

आता माझी गोष्ट. आमचे घर सांगलीचे. आजोबा तरुणपणी संगीत नाटकांच्या हौशी प्रयोगांना पायपेटीची साथ करीत. ती पायपेटी अजून आमच्या सोप्यात आहे, पण तिचा भाता फाटला आहे. मिरजेत एका कारागिराला दाखवून आजोबांनी दुरुस्तीचा अंदाज काढला होता आणि त्यासाठी पाच हजार रुपये कपाटात बाजूला ठेवले होते. स्नेहसंमेलनाच्या वाद्यवृंदात माझी निवड झाली आणि मी घरात वा पेडलचा धोशा लावला. आजोबांनी एकदाच विचारले, “त्याच्यावाचून वाजत नाही का रे तुझी गिटार?” मी म्हणालो, “वाजते. पण बोलत नाही.” दुसऱ्या दिवशी त्यांनी पाकीट माझ्या हाती ठेवले. भाता वर्षभर थांबेल म्हणाले.

पुण्यातल्या एका मुलाकडून मी साडेचार हजारांना जुने पेडल घेतले. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हताच. त्याने त्याच्या खोलीवर ते दोन मिनिटे वाजवून दाखवले. मी स्वतः पाय लावला नाही. पेडल जड होते, रंग उडालेला होता, त्यामुळे ते मला फार अस्सल वाटले. तालमीत ते थोडे करकरले, पण सभागृहाचे ध्वनिवर्धक जुने आहेत अशी मी समजूत करून घेतली. प्रत्यक्ष कार्यक्रमात मधल्या संगीताचा तुकडा आला, मी पाय पुढे रेटला, आणि जो करकराट झाला तो गंजलेल्या बिजागऱ्यांच्या वाड्याचे दार उघडावे तसा. मागच्या बाकांवरून कोणीतरी ओरडले, “दार लावा रे!” मी आणखी जोर लावला. तर पेडल बंदच झाले. पुन्हा रेटले, चालू झाले. संपूर्ण तुकड्यात माझी गिटार एका आवर्तनात रडत होती आणि दुसऱ्यात गप्प बसत होती. गाणारी मुलगी चांगली होती म्हणून गाणे निभावले.

घरी येऊन आजोबांना सगळे सांगितले. पैसे वाया गेले, हेही सांगितले. ते रागावले नाहीत. म्हणाले, “आत उघडून बघितलंस का?” पेटीचा एखादा सूर बसला की ते पहिल्यांदा तेच करीत. आम्ही जमिनीवर वर्तमानपत्र पसरून तळाचे चार स्क्रू काढले, आणि साडेचार हजारांत जे मला कळले नव्हते ते पुढच्या तासाभरात कळले.

आत फार काही नसते. बोटभर रुंदीची मंडलपट्टी, तीवर दोन ट्रान्झिस्टर, काही रेझिस्टर, काही कपॅसिटर आणि तारेचे एक चिमुकले वेटोळे. पायपट्टीला दात्यांची एक उभी पट्टी जोडलेली असते. पाय हलला की ती वरखाली होते आणि पॉटच्या दांडीवरचे दातेरी चाक फिरवते. वेटोळे आणि कपॅसिटर यांची जोडी म्हणजे एक प्रकारचा झोपाळाच. झोपाळ्याला त्याची ठरलेली लय असते. त्या लयीत धक्का दिला तर तो उंच जातो, नाहीतर नाही. तसे या जोडीच्या आवडत्या कंपनसंख्येच्या आसपासचे स्वर फुगतात आणि त्याहून वरचे दबतात. ट्रान्झिस्टरांच्या युक्तीने पॉट त्या कपॅसिटरची किंमत मंडलापुरती लहानमोठी भासवतो, त्यामुळे झोपाळ्याची लयच बदलत जाते. टाच दाबलेली असताना फुगवटा साधारण साडेचारशे हर्ट्झजवळ असतो, म्हणजे ‘ऊ’. पंजा पूर्ण दाबला की तो दीड-दोन हजारांच्या वर सरकतो, म्हणजे ‘आ’. आजोबांना हर्ट्झमध्ये रस नव्हता, पण दातेरी पट्टी त्यांना फार आवडली.

आमच्या पेडलचा पॉट घासून गुळगुळीत झाला होता आणि धूळ आत गेली होती. करकर त्याची. पंजाखाली, पायपट्टीच्या पुढच्या टोकाला, पेडल चालू-बंद करायचे बटण असते. पट्टी शेवटपर्यंत नेऊन वर जोर दिला तरच ते दाबले जावे म्हणून मध्ये रबराची किंवा बनातीची गादी असते. ती पूर्वीच्या मालकाने काढून टाकली होती. त्यामुळे मी भावनेच्या भरात पाय पुढे नेला की रडूबाई रुसून गप्प बसत होती.

मी तापकीर गल्लीत जाऊन शंभर किलोओहमचा साधा पॉट आणला. कागदावर किंमत बरोबर होती. चाक कसेबसे बसवले, सोल्डरिंग केले, करकर गेली. पण ‘वा’ही गेला. पाय पाऊणभर पुढे जाईपर्यंत काहीच घडेना आणि मग शेवटच्या बोटभर जागेत ऊ, आ सगळे एकदम उरकून जाई. वा पेडलच्या पॉटची चढण खास ठेवलेली असते, म्हणजे फिरवण्याच्या कोणत्या टप्प्यात किती बदल व्हावा याचा हिशोब वेगळा असतो. तो खास याच कामासाठी मिळणारा पॉट मागवून बसवला तेव्हा पेडल माणसांत आले. गादीच्या जागी आजोबांनी पेटीच्या बनातीचा तुकडा कापून चिकटवला. तो अजून तिथे आहे.

एवढे सगळे झाल्यावर आता निवडीबद्दल बोलायचा मला थोडाफार अधिकार आला असे समजतो.

पहिली गोष्ट, दुकानात किंवा कोणाच्या घरी पेडल पाहायला जाल तेव्हा आपली गिटार आपली घेऊन जा, आणि ज्या पादत्राणात तुम्ही रंगमंचावर उभे राहता तेच घाला. हसू नका. जाड तळव्याच्या बुटातून पट्टीचा अंदाज येत नाही आणि कोल्हापुरी चपलेत पंजा घसरतो. मी आता मोज्यांवर वाजवतो. ध्वनिवर्धक अगदी स्वच्छ आवाजावर ठेवायला सांगा. विकणारे बहुधा त्यावर डिस्टॉर्शनची फोडणी घालून ठेवतात आणि त्या गदारोळात पेडलचे दोष बुडून जातात. मग काहीही न वाजवता पेडल चालू करून पाय टाचेपासून पंजापर्यंत अगदी सावकाश न्या. मागच्या बारीक सुसकाऱ्याचा आवाज सलग ‘ऊ’कडून ‘आ’कडे जायला हवा. वाटेत खरखर आली तर पॉट गेला आहे. तो बदलता येतो, पण किंमत त्या हिशोबाने करा. नंतर तारा डाव्या हाताने नुसत्या दाबून उजव्या हाताने खरवडा. हेन्ड्रिक्सचा ‘वाका-वाका’ निघतो की नाही, हे इथेच कळते. शेवटी एक सूर काढा आणि तो विरेपर्यंत पाय इतका हळू न्या की तो विरतानाच पोहोचेल. या कसोटीत बहुतेक स्वस्त पेडले उघडी पडतात. त्यांच्यात मधला प्रवास नसतो, नुसती दोन टोके असतात.

आता पेडल बंद करा आणि तुमच्या गिटारचा आवाज ऐका. मग पेडल काढून वायर थेट ध्वनिवर्धकाला लावून पुन्हा ऐका. जुन्या रचनेच्या पेडलांत बंद स्थितीतही गिटारचा प्रवाह मंडलाला चिकटून राहतो आणि आवाजावरची चकाकी उतरते. ‘ट्रू बायपास’ नावाची रचना असली तर हे होत नाही, आणि आत बफर असला तरीही बहुतांशी टळते. गंमत अशी, की माणूस चालू पेडल तासभर तपासतो, पण बंद पेडल कोणीच तपासत नाही. वास्तविक कार्यक्रमाचा बहुतेक वेळ ते बंदच असते.

दुसरा मोठा प्रश्न चालू-बंद करण्याचा. माझ्यासारखे पंजाखालचे बटण असलेले पेडल घेतले तर एक फायदा असा, की पाय काढून घेतला तरी आवाज तिथेच थांबतो. हे थांबणे म्हणजे एक स्वतंत्र कला आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारीचा दोरा केसभर सरकवून कारागीर जसा एक विशिष्ट बिंदू शोधतो, तसा पट्टीच्या वाटेत मध्येच एक बिंदू शोधून पाय तिथेच ठेवायचा. गिटार नाकात बोलू लागते. जर्मनीचा मायकेल शेंकर हा वादक त्यासाठी प्रसिद्ध आहे. दुसरा प्रकार स्प्रिंगचा. पाय ठेवला की चालू, काढला की बंद. यात गाण्याच्या मध्येच रुसवा नाही, पण पाय काढून थांबणेही नाही. मॉर्ली या अमेरिकन कंपनीच्या अनेक पेडलांत ही सोय आहे, आणि त्यांच्यात पॉटच नाही. आत एक दिवा आणि प्रकाशाने बदलणारा एक घटक असतो; पाय हलला की मध्ये पडदा येतो. घासायला काही नाही म्हणून करकरही नाही. (लेस्ली नावाचा फिरता ध्वनिवर्धक तेव्हा प्रसिद्ध होता, इंग्रजीत ‘लेस’ म्हणजे कमी, म्हणून आपले नाव ‘मोअर’ली, अशी कोटी या कंपनीने केली. आपल्या विडंबनकारांच्या तोडीची नाही, पण इंजिनियरांच्या मानाने बरी.) मॉर्लीची जुनी पेडले आकाराने दांडगी असत, बसने प्रवास करणाऱ्याने पिशवी मोजून घ्यावी.

नावे सांगायचीच तर, ‘क्राय बेबी’ हे नाव ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून डनलॉप या कंपनीकडे आहे. तिचे जीसीबी-९५ हे मॉडेल म्हणजे या धंद्यातली सायकल: सगळ्यांनी एकदा चालवलेली, सुटे भाग मिळणारी आणि जुनी झाली तरी विकता येणारी. तिचा आवाज जरा टोकदार आहे. व्हॉक्सचे व्ही-८४७ माझ्या कानाला थोडे गोल, गळ्यातून आल्यासारखे वाटते. हे माझ्या कानाचे मत झाले. डनलॉपच्याच ५३५-क्यू या महागड्या मॉडेलवर फुगवटा किती अरुंद असावा आणि प्रवास कुठून कुठे व्हावा, हे बदलायची बटणे आहेत. पहिल्याच पेडलसाठी ती मला अडचणच वाटते. नवशिक्याचा पाय अजून हलायला शिकलेला नसतो आणि तो बटणे फिरवत बसतो. तारेच्या वेटोळ्यावरून तर जाणकारांत धर्मयुद्धे होतात. इटलीत बनलेल्या जुन्या वेटोळ्यांच्या तोडीचे आता काही होत नाही, असे मानणारा एक पंथ आहे. फरक असेलही. पण आमच्या सभागृहाच्या ध्वनिवर्धकांतून तो ऐकून दाखवणाऱ्याला मी चहा पाजीन.

एक गोष्ट वाचून काहींना राग येईल. ज्याच्याकडे एकाच वस्तूपुरते पैसे आहेत आणि अजून डिस्टॉर्शन, एको यांतले काहीच नाही, त्याने केवळ वा पेडल घेऊ नये. झूमच्या जी-वन-एक्ससारखी, पायपट्टी असलेली बहुगुणी पेटी घ्यावी. तिची पट्टी लहान आणि प्लॅस्टिकची, तिचा ‘वा’ गणिताने काढलेला. तरीही वर्षभर त्यावर पाय हलवल्यावर तुम्हाला हा आवाज खरोखर हवा आहे की नाही, ते कळेल. पुष्कळांना नको असतो असा माझा अनुभव आहे. दुसरीकडे, पाय न हलवता स्वर जोरात छेडला की आपोआप ‘वा’ म्हणणारी यंत्रेही आहेत. १९७३ साली स्टीव्ही वंडरने ‘हायर ग्राउंड’मध्ये म्यू-ट्रॉन या यंत्रातून आपले क्लॅव्हिनेट असेच बोलते केले. ते ऐकायला सुरेख आहे, पण तिथे ‘वा’ कधी म्हणायचा ते हाताचा जोर ठरवतो, पाय नव्हे.

डिस्टॉर्शन आधी की वा आधी, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. बहुतेक जुने वादक गिटारनंतर लगेच वा आणि मग डिस्टॉर्शन ठेवत. त्यात आवाज माणसासारखा बोलतो. उलट केले तर वा पेडलला कोरायला स्वयंभू स्वरांचा ढीगच मिळतो आणि परिणाम फार मोठा, विमान उतरल्यासारखा होतो. दोन्ही करून पाहायला पैसे पडत नाहीत. फक्त ‘फझ फेस’ जातीचे जुन्या धर्तीचे फझ वा पेडलच्या मागे जोडले तर दोघांचे पटत नाही आणि ‘वा’ गुदमरतो. मध्ये बफर लागतो. तारा चुकल्या तरी कधी कधी चांगले घडते म्हणा. पिंक फ्लॉइडच्या १९७१ सालच्या ‘एकोज’मध्ये समुद्रपक्ष्यांसारखा जो आर्त चीत्कार आहे, तो डेव्हिड गिल्मोरने वा पेडलला वायरी उलट्या लावून मिळवला.

बॅटरी नऊ व्होल्टची लागते आणि गिटारची वायर खोचलेली असेपर्यंत, पेडल बंद असले तरी, ती जळत राहते. वाजवून झाले की वायर काढा. ॲडॉप्टर घ्यायचा तर मधला टोक ऋण असलेला आहे का, ते पेडलवरच्या चित्राशी ताडून पाहा.

आणि पाय. हे कोणी दुकानात सांगत नाही. नवे पेडल मिळाले की पाय आपोआप ताल धरतो आणि दर मात्रेला ‘वा’ होऊ लागतो. पाच मिनिटांत ऐकणाऱ्याचे डोके दुखते. मी पहिले दोन महिने तेच करीत होतो. एकदा आजोबांनी ऐकले आणि पलंगावर बसल्या बसल्या विचारले, “प्रत्येक शब्दावर मान डोलावणारा श्रोता तुला आवडतो का?” मग ते स्वतः खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “तू वाजव, पाय मी देतो.” त्यांचा पाय पट्टीवर ठेवला. पायपेटीच्या भात्याची सवय साठ वर्षांची. पाय संथपणे, एका लयीत वरखाली होऊ लागला, स्वरांशी त्याचा काही संबंधच नाही. मी एक लांब स्वर धरला होता आणि तो त्यांच्या पायाखाली श्वास घ्यावा तसा उघडत होता, मिटत होता. असा आवाज मला त्याआधी काढता आला नव्हता. तीन-चार मिनिटांनी ते थांबले आणि वाकून पेडलकडे पाहत म्हणाले, “यात हवा कुठं भरते?”

त्या पेडलला आता चांगले गिऱ्हाईक आले आहे, पण मी ते विकलेले नाही. मे महिन्यापासून नववीच्या दोन मुलांच्या शिकवण्या घेतो. तीन हजार आठशे जमले आहेत. मिरजेच्या कारागिराने दिवाळीनंतर पायपेटी घेऊन यायला सांगितले आहे. टेंपोचे भाडे वेगळे.